डावा मागचा

रिटायर होऊन चार महिने झाले होते, तेव्हा धाकट्या बहिणीचा फोन आला.

"दादा, वहिनी सांगत होती, तू घरातल्या डब्यांना नंबर दिलेस म्हणे."

"सोयीचं पडतं."

"मिठाचा नंबर काय?"

"सात."

मग ती म्हणाली, "तू असं कर, मुंगीबरोबर जा. त्यांना टायरची नोंद ठेवायला माणूस हवाय. वहिनीलाही जरा सुटल्यासारखं होईल."

पाणीपुरवठा खात्याच्या कोठारात एकतीस वर्षं नळ, झडपा आणि वायसर यांची नोंद ठेवलेला मी मोटारींच्या शर्यतीत शिरलो तो असा.

मुंगी म्हणजे माझी भाची. वय सोळा. लहानपणी स्वतःपेक्षा जड वस्तू उचलून घरभर फिरायची, म्हणून मुंगी. रस्त्यावर स्कूटर चालवायचं लायसन्स तिला अजून मिळालेलं नव्हतं, आणि इथे ती ताशी दोनशेच्या वर गाडी पळवणार होती. गाडी एकाच माणसाची, छप्पर नसलेली, चारही चाकं अंगाबाहेर काढून बसलेली. पंधरा ते सतरा वर्षांच्या पोरांसाठीच ही स्पर्धा. चोवीस गाड्या, सगळ्या एकसारख्या, सहा गावं, सहा शर्यती. सहांचे गुण मिळून जो पहिला येईल त्याला पुढच्या वर्षी वरच्या वर्गात फुकट जागा. दुसऱ्याला हस्तांदोलन. आमच्या घरच्यांना पुढचं वर्ष स्वतःच्या बळावर झेपण्यासारखं नव्हतं, हे मुंगीला सांगावं लागलं नव्हतं. पहिला नंबर, नाहीतर हेल्मेट माळ्यावर, इतकं सरळ होतं.

तिचा बाप, म्हणजे माझा मेहुणा, बस डेपोत मेकॅनिक. बिनपगारी रजा काढून तो तिच्या गाडीवर काम करत होता. माणूस सोन्यासारखा, पण बोलण्याच्या बाबतीत भलता काटकसरी. दिवसाला दहाबारा शब्द वापरायचा, त्यातले सहा नटबोल्टना उद्देशून. टीम एका मालकीणबाईंची होती. त्या स्वतः एके काळी शर्यतीत गाडी पळवलेल्या, आता आवाज तेवढा इंजिनासारखा राहिलेला. त्यांच्याकडे दोन गाड्या होत्या. एक मुंगीची, दुसरी एका सतरा वर्षांच्या मुलाची. त्याची आई प्रत्येक गावी येऊन त्याचं हेल्मेट आतून मऊ फडक्याने पुसायची, म्हणून मी त्याला लाडोबा म्हणायचो. मुलगा वाईट नव्हता. वेगवान होता, तेच आमच्या गैरसोयीचं.

माझं काम टायरचं. हंगामात एका गाडीला अठ्ठावीसच टायर मिळतात. प्रत्येकाच्या कडेवर सहा आकडी नंबर असतो, आणि जो टायर ज्या गाडीच्या नावावर चढला तो त्याच गाडीला लावायचा. कुठला टायर कुठल्या चाकावर किती लॅप, म्हणजे फेऱ्या, धावला हे मी वहीत लिहायचं आणि खाली सही करायची. तंबूत दोन चळती होत्या, डावीकडे मुंगीची, उजवीकडे लाडोबाची. पहिल्याच दिवशी मी दोन्हींभोवती खडूने चौकोन आखले. मालकीणबाई म्हणाल्या, "मामा, टायर पळून जात नाहीत हो." मी म्हणालो, "वायसरही जात नाहीत, तरी कमी भरतात."

खरं सांगायचं तर पहिल्या शर्यतीत मला काही कळलं नाही. कुणीतरी कानाशी मांजरपाट फाडावं तसा आवाज करत गाड्या समोरून जात आणि मी कागद धरून बसे. लाडोबा पहिला आला, मुंगी अकरावी. गुण शून्य. परतीच्या वाटेवर तिने बिस्किटाचा अख्खा पुडा एकटीने संपवला आणि म्हणाली, "मामा, चौथ्या वळणावर डांबराचे दोन तुकडे जोडलेत. दुसरा तुकडा नवा आहे. तिथे मी उगीच घाबरले."

"एवढ्या वेगात तुला डांबराचा जोड दिसतो?"

"दिसत नाही. खालून कळतो."

"खालून म्हणजे?"

"म्हणजे बसते त्या जागेतून," ती म्हणाली आणि लाजली. मेहुणा गाडी चालवता चालवता हसला. तो त्या महिन्यातला त्याचा खर्च.

मी विश्वास ठेवला नाही. कोठारातही नवी पोरं सुरुवातीला असंच बोलायची, झडप हातात घेतली की वजनावरून साइज सांगतो वगैरे. पण दुसऱ्या गावी एक गोष्ट झाली. सकाळी नाश्ता करून आलो तर मुंगी उलट्या टायरवर डोळे मिटून बसलेली, हातात स्टीलचं ताट स्टिअरिंगसारखं धरलेलं. पाय जमिनीवर दाबत होती, सोडत होती. मी बापाकडे पाहिलं. त्याने तोंडावर बोट ठेवलं आणि माझ्या हातात स्टॉपवॉच दिलं. तिने ताट सरळ केलं की चालू, पुन्हा सरळ करून मान हलवली की बंद. एक मिनिट अडतीस पूर्णांक सहा. दुपारी तीच बाई खऱ्या गाडीत बसून खरा लॅप मारून आली. एक मिनिट अडतीस पूर्णांक चार.

मी ते दोन्ही आकडे वहीच्या समासात शेजारी शेजारी लिहिले. टायरशी त्यांचा संबंध नव्हता. पण लिहून ठेवल्याशिवाय मला राहवेना.

त्या गावी ती सहावी आली. पुढच्या गावी दुसरी. चौथ्या आणि पाचव्या गावी पहिली. लाडोबा एकदा आठवा गेला आणि पाचव्या गावी तर गोल फिरून वाळूत रुतला. सहाव्या गावी पोचलो तेव्हा मुंगीचे शहात्तर, लाडोबाचे बासष्ट, बाकीचे लांब मागे. पहिल्याला पंचवीस, दुसऱ्याला अठरा, मग पंधरा, बारा, दहा असे गुण. म्हणजे लाडोबा जिंकला तरी मुंगी चौथी आली की एका गुणाने ती पुढे. मी हे तीनदा मांडून पाहिलं. चौथी आली की झालं.

आता माझ्या चुकीबद्दल.

शनिवारी पात्रता फेरी होती. म्हणजे प्रत्येकाने एकट्याने वेळ द्यायची, त्या क्रमाने रविवारी उभं राहायचं. मुंगीसाठी मी जुन्यातला उत्तम संच काढला होता. टायर रिंगवर चढवणाऱ्याच्या तंबूतून चाकं परत आली, मी वही उघडली आणि चारी नंबरांवर खूण केली. पुढची गंमत अशी की नंबर वाचताना मी टायरकडे पाहिलंच नाही. माझ्या चौकोनातून गेलेला टायर माझ्या चौकोनात परत आला, मग वहीत आहे तोच असणार. पाच गावं एकही खाडाखोड नव्हती, ती वही बघूनच मी वही भरली. कोठारात नव्या कारकुनांना याच गोष्टीसाठी मी उभं-आडवं घेतलेलं आहे.

मुंगी चौथी आली. तंबूत येऊन हेल्मेट काढलं आणि केस झटकायच्या आधी म्हणाली, "मामा, डावा मागचा माझा नाही."

"तुझाच आहे."

"नाही. तो लाडोबाचा आहे."

उजवीकडे लाडोबा केळं खात होता. म्हणाला, "मी काय केलं?"

"तू ब्रेक दाबून ठेवून वळतोस," मुंगी त्याला म्हणाली. "तुझा टायर आतल्या कडेला झिजतो. आज मी वळले की मागची डावी बाजू आधी आत बसते आणि मग उशिरा धरते. दुसऱ्याची चप्पल घातल्यासारखं वाटतंय."

मी वही तिच्यापुढे धरली. माझी सही, माझी खूण, सगळं स्वच्छ. "हे बघ. वही खोटं बोलत नाही."

तिचा बाप गुडघ्यावर बसला, बोटाने टायरच्या कडेवरची धूळ पुसली आणि एकेक आकडा वाचला. सहाही आकडे मी वहीतल्या आकड्यांशी ताडून पाहिले. टायर लाडोबाचा होता, तीन गावांपूर्वीचा, टाकून दिलेला. मुंगीचा उजवीकडच्या चळतीत सुखाने पडला होता. चढवणाऱ्याकडे दोघांची चाकं एकदम गेली होती, तिथे अदलाबदल झाली असणार. ती पकडायलाच तर मला ठेवलं होतं.

पण त्या क्षणी मला लाज आधी वाटली नाही हेही सांगतो. आधी वाटलं ते वेगळंच. त्या पोरीने दोनशेच्या वेगात, चार काळ्या गोल वस्तूंपैकी एक, बसल्या जागेतून ओळखली होती. माझ्याकडे डोळे होते, चष्मा होता, वही होती.

मालकीणबाईंनी तंबूचा पडदा ओढला. नियम असा की स्वतःच्या नावावर नसलेला टायर लावला की पात्रता फेरीतली वेळ रद्द, शेवटून निघायचं. लपवलं आणि सापडलं तर शर्यतीतूनच बाहेर. पण सापडायचं कसं? तपासणी फक्त पहिल्या तिघांची झाली होती, मुंगी चौथी. रात्रीतून बरोबर टायर लावला की जगात कुणाला पत्ता लागणार नव्हता. लाडोबा केळ्याचं साल हातात धरून उभा होता. म्हणाला, "मी कुणाला सांगणार नाही." आणि खरंच सांगितलं नसतं त्याने. मघाशी म्हटलं ना, मुलगा वाईट नव्हता.

मालकीणबाई म्हणाल्या, "मी चहा घेऊन येते. दहा मिनिटं लागतील," आणि गेल्या.

ते पान सुटं होतं. काढलं असतं तर ते होतं असं म्हणणाराही मीच एकटा. माझा अंगठा त्या पानाच्या कोपऱ्याखाली गेलेला होता. मेहुण्याने तो पाहिला, आणि दुसरीकडे पाहिलं.

मुंगी मात्र अंगठ्याकडे सरळ बघत होती. "मामा, शेवटून म्हणजे चोविसावी?"

"हो."

"चौथं यायचं तर वीस गाड्या मागे टाकायच्या. अठरा लॅप आहेत."

"बेटा, चूक माझी आहे. तुला कशाला..."

"डावा मागचा माझा नव्हता, हे मला माहितेय ना आता," ती म्हणाली. "उद्या गाडीत बसून मी त्याचाच विचार करत बसू का?" आणि मग नेहमीच्या आवाजात, "जा ना लवकर, ऑफिस पाचला बंद होतं."

बाप म्हणाला, "जा, दादा." दोन शब्द.

अधिकाऱ्यांच्या खोलीत टायर तपासनीस होते, माझ्याच वयाचे, नाकावर माझ्यासारखाच चष्मा. मी वही टेबलावर ठेवली आणि सांगितलं. त्यांनी दोनदा ऐकून घेतलं.

"तुम्हाला कुणी पकडलं?"

"नाही."

"मग?"

"सांगायला आलो."

ते खण उघडून बराच वेळ कागद शोधत राहिले. "अडचण अशी आहे," शेवटी म्हणाले, "की स्वतःहून कुणी आलेलं नाही आजवर. याचा फॉर्म नाहीये." मग हरवलेल्या वस्तूंच्या फॉर्मवर आम्ही दोघांनी मिळून ते लिहिलं.

रविवारी दुपारी मी पिटच्या, म्हणजे टीमची माणसं उभी राहतात त्या ट्रॅकलगतच्या भिंतीशी पाटी घेऊन उभा. या वर्गात गाडीतल्या पोरांशी बोलायला रेडिओ नसतो. लॅप संपवून गाडी समोरून जाते तेव्हा भिंतीवरून पाटी बाहेर धरायची, तिच्यावर नंबर आणि उरलेले लॅप. तेवढंच काय ते बोलणं. दुसऱ्या हाताशी वही होतीच. प्रत्येक लॅपची वेळ लिहायची सवय मला लागली होती.

निघायच्या आधी ती एवढंच म्हणाली होती, "डावा मागचा काल आराम करत होता. बाकीचे तीन दमलेत." मी मनात म्हटलं, ही आता टायरची तब्येत सांगायला लागली.

सुटायची खूण म्हणून समोरचे लाल दिवे विझले. चोवीस इंजिनं एकदम ओरडली, छातीच्या पिंजऱ्यात काहीतरी सैल झाल्यासारखं वाटलं. पहिला लॅप संपवून गाड्या आल्या तेव्हा लाडोबा सगळ्यांत पुढे, आणि मुंगी एकविसावी. पाचव्या लॅपला एकोणिसावी. नुसती एकोणिसावी! पुढची गाडी हाताच्या अंतरावर आणि ही मागे शांत बसलेली, बसच्या रांगेत उभी असल्यासारखी.

"झोपलीय का ही?" मालकीणबाई ओरडल्या. "अहो मामा, लिहा पाटीवर काहीतरी!"

"काय लिहू?"

"ऊठ म्हणावं!"

तिचा बाप भिंतीला टेकून उभा होता. त्याने नकारार्थी मान हलवली.

मला शर्यत बघता येत नाही, आजही येत नाही. गाडी आली, गेली, एवढंच कळतं. मला आकडे बघता येतात. आठव्या लॅपला वेळ लिहिताना माझं पेन थांबलं. वहीत प्रत्येक गाडीचा उभा रकाना होता. लाडोबाचा रकाना असा खाली उतरत होता: एक-चाळीस-नऊ, एक-एक्केचाळीस-दोन, एक्केचाळीस-सहा, बेचाळीस. सगळ्यांचेच तसे. जोरात निघालेले, आता टायर झिजून हळूहळू मंदावणारे. आणि शेवटचा रकाना मुंगीचा. पहिला गर्दीतला लॅप सोडला तर एक-एक्केचाळीस-चार. एक-एक्केचाळीस-चार. एक-एक्केचाळीस-चार. आठव्या लॅपलाही एक-एक्केचाळीस-चार. मी वरून खाली बोट फिरवलं. एकतीस वर्षांत असा रकाना माझ्या हातून गेला नव्हता. कुणी तो मला आणून दाखवला असता तर मी म्हटलं असतं, बनावट आहे, घरी बसून भरलाय.

"ती झोपलेली नाही," मी म्हणालो. "ती साठवतेय."

दहाव्या लॅपला चौदावी. तिने कुणाला मागे टाकलं असं म्हणवत नाही, माणसं आपणहून तिच्या मागे राहू लागली होती. तेराव्याला नववी. आता मला तिची गाडी आवाजावरून ओळखू येऊ लागली, बाकीच्या गाड्या वळणावर किंचाळत होत्या, तिची नुसती गुणगुणत यायची. पंधराव्याला सहावी. सगळी भिंत भरली, दुसऱ्या टीमचे मेकॅनिक हातातले पाने टाकून येऊन उभे राहिले. कुणी ओरडत नव्हतं. मोठं झाड पडताना माणसं गप्प होतात तसं काहीसं.

सोळाव्या लॅपला ती चौथी होऊन समोरून गेली.

झालं! बारा गुण, एका गुणाने पहिली. मी पाटीवर चार लावला, पुढच्या खेपेला एकच लॅप उरणार म्हणून एक लावला, आणि खाली मोठ्या अक्षरांत 'पुरे'. पुढच्या खेपेला ती समोर आली तेव्हा निम्मा भिंतीबाहेर लटकून मी ती पाटी धरली. मेहुण्याने मागून माझा पट्टा पकडला.

ती तिसरी होती.

"पुरे म्हटलं ना!" मी ओरडलो. दोनशेच्या वेगाला. "अगं ए! पुरे!"

शेवटचा लॅप मी आकड्यांतही पाहिला नाही. पेन वहीत तसंच राहिलं. लांबच्या वळणावरून दोन गाड्या एकामागोमाग बाहेर आल्या, लाडोबाची थरथरत, मागचं टोक घसरत, आणि तिच्या शेपटीला दोरीने बांधल्यासारखी मुंगीची. तिसरा कुठे मागे राहिला मला माहीत नाही. झेंडा पडला तेव्हा लाडोबा पुढे होता, अर्ध्या गाडीने. त्यापुढे शंभर मीटर रस्ता असता तर काय झालं असतं यावर ती भिंत अजून भांडत असेल.

गाड्या तपासणीच्या आवारात लागल्या. लाडोबा आधी उतरला, धडपडत तिच्या गाडीपाशी आला आणि तिच्या हेल्मेटवर टपली मारून म्हणाला, "माझा टायर घेतला असतास तर जिंकली नसतीस."

"म्हणून तर परत दिला," ती आतून म्हणाली.

मी मात्र भडकलेलो होतो. भीतीने माणूस भडकतो तसा. "पाटी वाचली नाहीस?"

"वाचली."

"चौथी पुरे होती! शेवटचा लॅप नुसतं यायचं होतं. ठोकली असतीस तर? सगळं हातात आलं होतं, मुंगे!"

ती हेल्मेट काढून माझ्याकडे पाहत राहिली. चेहरा घामाने चिकट झालेला, पण दुसऱ्या गावी ताट हातात घेऊन बसली होती तशीच, कुठेतरी आतून शांत. "टायर शिल्लक होते, मामा," ती म्हणाली. "शेवटची शर्यत ना? शिल्लक घेऊन कुठे जायचं होतं?"

ज्याच्या घरी अजूनही वापरलेल्या दोऱ्यांचा डबा आहे, नंबर एकवीस, त्याला ती हे विचारत होती.

चष्मेवाले तपासनीस आले. मला ओळखून मान लववली. नंबर चारीही बरोबर निघाले. मग त्यांनी खोली मोजायची सुई काढली. या टायरांवर नक्षी नसते, पण पृष्ठभागावर बारीक भोकं असतात, ती किती उथळ झाली यावरून किती रबर उरलं ते कळतं. त्यांनी पुढचे दोन मोजले, मागचा उजवा मोजला, आकडे सांगितले. मग डावा मागचा. मोजून ते थांबले, सुई पुसली, पुन्हा मोजलं.

"हा काल चालला नव्हता ना?"

"नाही. आठ लॅप कमी आहे बाकीच्यांपेक्षा."

"मग जास्त रबर हवं इथे." त्यांनी सुई माझ्यापुढे धरली. "बघा तुम्हीच."

मी खाली बसलो. चारही टायर केसाचाही फरक न होता एकसारखे उतरले होते. डाव्या मागच्याकडे जे आठ लॅप जादा होते ते तिने कुठल्या वळणांवर, कसे, किती किती करून काढून घेतले, कोण जाणे. तिला विचारलं असतं तर म्हणाली असती, खालून कळलं. आम्ही दोन म्हातारे त्या रबराभोवती उकिडवे बसलो होतो, आणि बराच वेळ कुणालाच उठावंसं वाटेना.

"लिहून घ्या," शेवटी तपासनीस म्हणाले.

मी वही मांडीवर घेतली, आणि आधी टायरच्या कडेवर बोट टेकवून पहिला आकडा वाचला. टायर अजून धगधगत होता. चांगलाच चटका बसला.

"मामा, गार होऊ दे की," वरून मुंगी म्हणाली.

"राहू दे," मी म्हणालो आणि दुसऱ्या आकड्यावर बोट ठेवलं.